हिटलर बहुमताने निवडून आला नव्हता

‘हिटलरसुद्धा बहुमताने निवडून आला होता’ हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. जोडीला असंही सांगतात, की जर्मनीतल्या प्रमाणशीर प्रतिनिधित्वानेच (पक्षाला मतांच्या प्रमाणात जागा देणाऱ्या पद्धतीनेच) त्याला सत्ता दिली. पहिलं साफ चूक, दुसरं अर्धवट.

मुक्त निवडणुकांत नाझींची सर्वांत मोठी मजल जुलै १९३२ ची: ३७.३ टक्के मतं, ६०८ पैकी २३० जागा. नोव्हेंबरात ते ३३.१ टक्क्यांवर घसरले, जागा ५८४ पैकी १९६. पक्ष उतरणीला लागला होता.

दर ६०,००० मतांमागे एक जागा, या नियमामुळे छोट्या पक्षांचा शिरकाव सोपा झाला, हे खरं. १९२८ मध्ये २.६ टक्के मतांवर नाझींचे १२ खासदार आले. पण तीच पद्धत त्यांना बहुमतापासून अडवतही होती. आपल्यासारखीच मतदारसंघनिहाय पद्धत असलेल्या ब्रिटनमध्ये २०२४ साली लेबर पक्षाने ३३.७ टक्के मतांवर ६५० पैकी ४११ जागा जिंकल्या. लेबरची नाझींशी तुलना मुळीच नाही. फक्त गणित पाहा.

हिटलरला चॅन्सेलर, म्हणजे सरकारचा प्रमुख, नेमलं ते अध्यक्ष हिंडेनबुर्ग यांनी, ३० जानेवारी १९३३ ला. त्याला आपण काबूत ठेवू, अशी माजी चॅन्सेलर पापेनसारख्या पुराणमतवाद्यांची खात्री होती. मार्चच्या निवडणुकीत रस्त्यावर दहशत असतानाही नाझी ४३.९ टक्क्यांवरच थांबले. हिटलरच्या सरकारला सर्वाधिकार देणारा कायदा संसदेत आला तेव्हा कम्युनिस्ट खासदार तुरुंगात, भूमिगत किंवा परागंदा होते. विरोधात ९४ मतं पडली, सगळी सोशल डेमोक्रॅट्सची. उरलेल्या पक्षांनी बाजूने मत दिलं.