रडू खरं की कॅमेऱ्यासाठी?

"हल्ली रिअ‍ॅलिटी शोतली पोरं लई नाटकी झाल्यात." सांगलीत चहाच्या टपरीवर हे हमखास ऐकू येतं. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये 'सीता स्वयंवर' केलं त्या नाट्यपंढरीने अभिनयाला नावं ठेवावीत ही गंमतच, पण ते असो. खोटं हसू-रडू चेहऱ्यावरून लगेच ओळखता येतं, हा दावा मात्र तपासण्यासारखा आहे.

ड्यूशेन या फ्रेंच डॉक्टरने माणसांच्या चेहऱ्यावर विजेचा प्रवाह सोडून एकेक स्नायू आखडवून पाहिला आणि १८६२ मध्ये ते फोटोंसकट छापलं. ओठांचे कोपरे वर ओढणारा झायगोमॅटिकस मेजर आपलं ऐकतो. डोळ्याभोवतीचा ऑर्बिक्युलॅरिस ऑक्युलाय मात्र खरा आनंद झाल्याशिवाय साथ देत नाही, असं त्याचं मत.

मेंदूत हसण्याच्या वाटाच दोन आहेत. फोटोसाठी ठरवून हसतो, तेव्हा आज्ञा मेंदूच्या बाह्यपटलातल्या हालचालींच्या पट्ट्यातून निघून मस्तिष्कस्तंभातल्या, चेहरा हलवणाऱ्या सातव्या नसेच्या केंद्रापर्यंत जाते. आपसूक हसू त्याच केंद्रावर पोचतं, पण भावनांशी जोडलेल्या आतल्या भागांतून. पक्षाघाताच्या रुग्णाला डॉक्टर "दात दाखवा" म्हणतात, तेव्हा तोंडाची एक बाजू लुळी राहते. कपाळाला दोन्ही अर्धगोलांकडून आज्ञा येत असल्याने आठी मात्र नीट पडते. त्याच रुग्णाला नातवाने हसवलं, तर कधीकधी तोंडाच्या दोन्ही बाजू सारख्या फुलतात! याच्या उलटही घडतं. मेंदूच्या आतल्या थॅलॅमस या भागाला इजा झालेल्या काही रुग्णांना सांगितल्यावर दात सरळ दाखवता येतात, मनापासून हसताना मात्र एक बाजू मागे पडते.

एवढं असूनही ड्यूशेनची खूण पक्की नाही. अलीकडच्या प्रयोगांत पुष्कळांना डोळ्यांसकट ठरवून हसता आलं. अश्रुग्रंथी स्वायत्त चेतासंस्थेच्या ताब्यात असते, ती हुकमाने पाझरत नाही; जुनं दुःख आठवलं की पाझरते. एलिमिनेशनला आजीच्या आठवणीने रडणाऱ्या मुलीचं पाणी खरंच असतं, फक्त आठवण कधी काढायची हे तिला कळलेलं असतं. २००४ मध्ये 'इंडियन आयडॉल' सुरू झालं तेव्हाच्या स्पर्धकांपुढे असे देशी नमुने फारसे नव्हते. आजचे स्पर्धक हेच कार्यक्रम बघत वाढलेत, आणि ऑडिशनलाही कॅमेऱ्यापुढे खुलणारेच पुढे जातात. म्हणजे बदललंय ते भावनेचं टायमिंग.

चेहरा वाचून मनातलं ओळखण्याचा दावा करणाऱ्या अ‍ॅपवर आणि तसले क्लास घेणाऱ्यांवर म्हणूनच पैसे घालवू नयेत. भुवई रागाने आखडते, तशी उन्हानेही आणि चष्म्याचा नंबर वाढला तरीही.

त्यातून आपल्याला दिसतो तो कापून जोडलेला चेहरा. रशियन दिग्दर्शक कुलेशोव्हने शंभरेक वर्षांपूर्वी एका नटाचा तोच निर्विकार चेहरा कधी सूपच्या वाटीशेजारी, कधी शवपेटीशेजारी जोडला, आणि प्रेक्षकांना त्यात भूक दिसली, शोक दिसला असं सांगतात. परीक्षकांचे पाणावलेले डोळे नेमक्या कोणत्या गाण्याला पाणावले होते, ते एडिटरलाच विचारायला हवं.