इंटरनेट सेवेचा परवाना आणि परदेशातून आलेला पैसा : अर्जाआधी काय पाहावे?

तालुक्याच्या गावात केबलचा धंदा करणाऱ्याला आज ना उद्या स्वतःचा इंटरनेट परवाना घ्यावासा वाटतोच. दुसऱ्याची फ्रँचायझी चालवून हाती उरते ते बेताचेच. अशात न्यू जर्सीतला मावसभाऊ म्हणतो, "मी पैसे घालतो." लगेच शंका येते : टेलिकॉममध्ये परदेशी पैसा चालतो का?

चालतो, आणि १०० टक्क्यांपर्यंत चालतो. १९९४च्या धोरणात ही मर्यादा ४९ टक्के होती. २००५ मध्ये ती ७४ झाली. २०१३ मध्ये १०० झाली खरी, पण ४९च्या वर जायचे तर दिल्लीची परवानगी लागे. ऑक्टोबर २०२१ पासून तीही अट गेली.

गंमत अशी की दार सताड उघडले तेव्हा मोबाईलच्या अंगणात येणारे फारसे कोणी उरले नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये १२२ परवाने रद्द केले. पुढे नॉर्वेची टेलिनॉर, रशियाची सिस्टेमा, अबुधाबीची एतिसलात अशा कंपन्यांनी इथला गाशा गुंडाळला. २०१८ मध्ये व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या. आज मोबाईलमध्ये तीन खासगी कंपन्या आहेत आणि सोबत सरकारी. मालकीची मर्यादा उठवली म्हणून स्पर्धा आपोआप वाढत नाही, कारण स्पेक्ट्रमचा, म्हणजे मोबाईलच्या रेडिओलहरींचा, खर्च त्याहून मोठा अडसर आहे. तारेवरून घरोघरी इंटरनेट देणाऱ्याला मात्र तो खर्च नाही. म्हणून छोट्याला खरी जागा इथेच आहे.

पात्रता

अर्जदार भारतीय कंपनी कायद्याखाली नोंदलेली कंपनीच हवी. एकट्याच्या नावावरच्या दुकानाला किंवा भागीदारी फर्मला परवाना मिळत नाही. केबलवाल्यांची पहिली गाडी इथेच अडते. परदेशी कंपनीलाही थेट अर्ज करता येत नाही. उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंकनेसुद्धा २०२५ मध्ये परवाना घेतला तो इथे नोंदवलेल्या कंपनीमार्फतच.

परवान्याचे तीन वर्ग आहेत. 'अ' सगळ्या देशासाठी, 'ब' एका सर्कलसाठी (म्हणजे साधारण एका राज्याएवढ्या दूरसंचार क्षेत्रासाठी) आणि 'क' साधारण एका जिल्ह्याएवढ्या क्षेत्रासाठी. युनिफाइड लायसन्सच्या, म्हणजे निरनिराळ्या दूरसंचार सेवांसाठीच्या एकत्रित परवान्याच्या, पद्धतीत प्रवेश शुल्क अनुक्रमे ३० लाख, २ लाख आणि २० हजार रुपये, तर अर्जाचे शुल्क ५० हजार, १५ हजार आणि १० हजार. बँक गॅरंटी, म्हणजे बँकेची हमी, वेगळी. २०२३च्या दूरसंचार कायद्याने 'परवान्या'च्या जागी नवी अधिकृतता आणली आहे, तेव्हा अर्ज भराल त्या दिवशी पोर्टलवरचा तक्ता पाहूनच पैसे भरा.

सर्कलच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवा. महाराष्ट्र सर्कलमध्ये गोवा येतो, पण मुंबई, नवी मुंबई आणि कल्याणचा टेलिफोन टापू येत नाही. तो मुंबई सर्कलमध्ये आहे. बदलापूर-कल्याणकडे काम करायचे असेल तर आधी आपले गाव कोणत्या हद्दीत पडते ते तपासा.

अर्ज आणि कागद

अर्ज दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवर ऑनलाइन होतो. कंपनी नोंदणीचे प्रमाणपत्र, संस्थापन पत्रिका आणि नियमावली, संचालकांची माहिती, सही कोण करणार त्याचा संचालक मंडळाचा ठराव, हे कागद कोणताही सीए दोन दिवसांत जमवून देईल. वेळ लागतो तो भागधारणेच्या तक्त्याला. भारतीय किती, परदेशी किती, हे प्रमाणित करून द्यावे लागते. मध्ये दुसरी कंपनी असेल तर तिच्यामागे खरा मालक कोण, तेही उलगडावे लागते.

ही विचारणा उगाच नाही. एप्रिल २०२०च्या नियमानुसार गुंतवणूकदार किंवा पैशामागचा खरा मालक भारताच्या जमिनी सीमेला लागून असलेल्या देशातला असेल, तर १०० टक्क्यांची सवलत लागू होत नाही. आधी सरकारची मंजुरी लागते. या यादीत चीन-पाकिस्तानच नव्हे, तर नेपाळ, भूतान आणि बांगलादेशही आहेत.

पैसा परदेशी असला तरी कारभार इथल्या माणसांच्या हाती राहावा, असा परवान्याच्या अटींचा रोख आहे. बहुसंख्य संचालक भारतीय नागरिक हवेत. नेटवर्कचा तांत्रिक प्रमुख आणि सुरक्षा प्रमुख हे भारतात राहणारे भारतीय नागरिकच हवेत. अध्यक्ष किंवा व्यवस्थापकीय संचालक परदेशी नागरिक असेल तर गृहखात्याची तपासणी होते, आणि तीही दरवर्षी. मावसभावाने अमेरिकन पासपोर्ट घेतला असेल तर त्याला भागधारक ठेवावे, अध्यक्षाची खुर्ची देऊ नये, असे माझे मत.

छाननीत सगळे जुळले की इरादापत्र, म्हणजे परवाना द्यायची तयारी कळवणारे पत्र, येते. मग प्रवेश शुल्क आणि गॅरंटी भरून करार होतो.

मावसभावाचा पैसा कोणत्या खात्यात?

ही गोष्ट पैसे पाठवण्याआधीच ठरवा. एनआरआय किंवा ओसीआय कार्डधारकाने (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या माणसाने) 'परत न नेण्याच्या' अटीवर गुंतवणूक केली, तर ती देशी गुंतवणूक मानली जाते. त्याने परत नेण्याचा हक्क राखला, तर ती एफडीआय, म्हणजे थेट परकीय गुंतवणूक, होते. मग शेअरच्या मूल्यांकनाचा दाखला घ्या, रक्कम आल्यापासून ६० दिवसांत शेअर द्या, शेअर दिल्यापासून ३० दिवसांत बँकेमार्फत रिझर्व्ह बँकेच्या पोर्टलवर एफसी-जीपीआर (शेअर दिल्याची माहिती देणारा फॉर्म) भरा आणि दरवर्षी १५ जुलैपर्यंत एफएलए (परकीय देणी आणि मालमत्ता यांचे) विवरण द्या. मुदत चुकली की विलंब शुल्क लागते.

'परत न नेण्याच्या' या शब्दांना मावसभाऊ घाबरेल. त्याला सांगा की लाभांश नेता येतो आणि शेअर विकून आलेली रक्कम एनआरओ खात्यात (अनिवासी भारतीयाच्या इथल्या रुपयांच्या खात्यात) जमा होते. तिथून कर भरून वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात. तालुक्याच्या इंटरनेट कंपनीतल्या हिश्शाला एवढी मर्यादा बहुधा पुरेल.