नवी डिस्क, जुनी थरथर

ब्रेक दाबला की पेडल पायाखाली थरथरतं आणि स्टीअरिंग हलतं. मिस्त्री पुढच्या चाकांच्या दोन्ही ब्रेक डिस्क (चाकासोबत फिरणाऱ्या, ब्रेक ज्यांना आवळतो त्या धातूच्या चकत्या) बदलून देतो आणि थरथर थांबते. काही हजार किलोमीटरनंतर ती पुन्हा सुरू होते आणि दोष नव्या डिस्कच्या माथी मारला जातो. 'उष्णतेने वाकली' असंच बहुतेक जण म्हणतात. खरं कारण बरेचदा डिस्कच्या मागे, हबवर, म्हणजे डिस्क आणि चाक ज्यावर बसतात त्या भागावर असतं.

डिस्क तापते हे मात्र खोटं नाही, आणि किती तापते ते बघण्यासारखं आहे. भाजीने भरलेली, एकूण 3 टनांची पिकअप ताशी 60 किलोमीटरवरून थांबवायची तर सुमारे 4.2 लाख ज्यूल ऊर्जा उष्णतेत बदलावी लागते. ब्रेक मारताच गाडीचा भार पुढे झुकतो, त्यामुळे यातला मोठा वाटा पुढच्या दोन डिस्कवर येतो. आता हीच गाडी इगतपुरीहून कसारा घाट उतरते असं धरा. उंचीतला फरक साधारण 300 मीटर, म्हणजे 88 लाख ज्यूल. खालच्या गिअरमध्ये इंजिन यातली बरीच ऊर्जा झेलतं. न्यूट्रलवर उतरलात, तर जवळपास सगळी ब्रेकवर पडते. म्हणूनच डिस्क बिडाची असते. बिडातल्या ग्राफाइटच्या पापुद्र्यांमुळे उष्णता पटकन पसरते आणि कंपनंही विरतात.

थरथरीचं कारण तापमानापेक्षा मापात जास्त सापडतं. डिस्क हबला टेकते तिथे गंजाचा 0.05 मिलिमीटरचा पापुद्रा राहिला, तर डिस्क किंचित तिरकी बसते, आणि बाहेरच्या कडेला हा तिरकेपणा आणखी वाढतो. माणसाचा केस याहून जाड असतो! पहिल्या दिवशी काहीच जाणवत नाही, कारण सरकता कॅलिपर (डिस्कला दोन्ही बाजूंनी पकडणारा ब्रेकचा भाग) डिस्कसोबत डावीकडे-उजवीकडे हलून घेतो. पण ब्रेक सोडलेला असतानाही डिस्कचा पुढे आलेला भाग प्रत्येक फेरीत पॅडला, म्हणजे कॅलिपरमधल्या डिस्क आवळणाऱ्या पट्टीला, घासत राहतो आणि तेवढ्याच जागी झिजतो. हळूहळू डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहत नाही. मग ब्रेक मारताना जाड भाग पॅड दाबणाऱ्या पिस्टनला मागे ढकलतो, पातळ भाग त्याला पुढे येऊ देतो, आणि ब्रेक ऑइलमधून तो धक्का थेट पायापर्यंत पोचतो. जाडीतला शतांश मिलिमीटरांचा फरकही त्याला पुरतो.

त्यामुळे डिस्क बदलण्याच्या कामात मला सगळ्यात मोलाची वाटतात ती हब घासण्याची दहा मिनिटं. तारेच्या ब्रशने, बोल्टांच्या मुळापर्यंत, धातू चकाकेपर्यंत घासायचं. नवी डिस्क बसवल्यावर डायल गेज (तिरकेपणा मोजणारं काट्याचं उपकरण) लावून एक फेरी फिरवून बघावी. गेज नसलेल्या गॅरेजमध्ये निदान घासणं तरी टाळू नये. चाकाचे नट समोरासमोरचे, टप्प्याटप्प्याने आणि टॉर्क पान्यानेच (ठरावीक ताण मोजून आवळणाऱ्या पान्याने) आवळावेत, कारण कमीजास्त ताणानेही डिस्क तिरकी होते.

बाकीचं थोडक्यात. गाडी नुसत्या जॅकवर ठेवू नका, खाली स्टँड हवाच. कॅलिपर होजवर, म्हणजे ब्रेक ऑइलच्या नळीवर, लोंबकळू न देता तारेने बांधून ठेवा. नव्या डिस्कवरचं गंजरोधक तेल पुसा, पॅडही नवे घाला आणि दोन्ही बाजू एकत्रच बदला. जुनी डिस्क लेथवर घासून, सपाट करून पुन्हा वापरायची असेल, तर तिच्यावर कोरलेली किमान जाडी आधी वाचा. पातळ डिस्कमध्ये उष्णता साठवायला धातूच कमी उरतो. आणि गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट लागेपर्यंत दाबत राहा. पिस्टन मागे ढकललेले असतात, त्यामुळे पहिल्या दाबात ब्रेक लागतच नाही.

पुढचे काही दिवस मध्यम दाबाने वेग कमी करत चालवा, म्हणजे पॅडच्या द्रव्याचा पातळ थर डिस्कवर सगळीकडे सारखा बसतो. घाट उतरून सपाटीवर थांबलात, तर तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून ठेवू नका. पॅडखालच्या तेवढ्याच जागी थर चिकटतो आणि थरथरीला नवं निमित्त मिळतं. तिथे हँडब्रेक ओढावा. तो मागच्या चाकांना लागतो, पुढच्या डिस्क मोकळ्या राहतात.