ट्यूमर अ‍ॅब्लेशनमधील नेव्हिगेशन

शरीर न उघडता त्वचेतून सुई घालून गाठ जागच्या जागी जाळणे किंवा गोठवणे म्हणजे अ‍ॅब्लेशन. सुईचे टोक शरीरात नेमके कुठे आहे हे स्कॅनच्या चित्रावर दाखवत ते गाठीपर्यंत नेणाऱ्या यंत्रणेला नेव्हिगेशन म्हणतात. यकृत, मूत्रपिंड, फुप्फुस आणि हाडांतील लहान गाठींसाठी हा उपचार वापरतात.

रेडिओफ्रीक्वेन्सी (उच्च वारंवारतेचा वीजप्रवाह) किंवा मायक्रोवेव्हने ऊतक 60 अंश सेल्सिअसच्या वर तापले की पेशी जवळजवळ लगेच मरतात. अवघड असतो तो नेम. गाठीबरोबर तिच्याभोवतीची निदान 5 मिलिमीटर, शक्य असेल तर 10 मिलिमीटर निरोगी कड नष्ट व्हावी लागते. टोक थोडे जरी बाजूला गेले तरी एकीकडची कड अपुरी राहते आणि गाठ बहुधा तिथूनच पुन्हा वाढते.

नेव्हिगेशनचे मूळ मेंदूच्या अभ्यासात आहे. हॉर्स्ली आणि क्लार्क या ब्रिटिश संशोधकांनी 1908 मध्ये प्राण्यांच्या मेंदूत ठरलेल्या बिंदूवर सुई नेणारी चौकट मांडली. कवटी कठीण असल्याने तिथे मोजमाप टिकते. यकृत मात्र प्रत्येक श्वासाबरोबर सेंटिमीटरभर, कधी त्याहूनही जास्त वरखाली होते. त्यामुळे स्कॅन काढताना आणि सुई घालताना श्वास एकाच टप्प्यावर असावा लागतो. अनेकदा पूर्ण भूल देऊन तो काही क्षण थांबवतात. हे जमले नाही तर महागडी यंत्रणाही चुकीची जागा दाखवते.

सुईचा माग दोन प्रकारे घेतात. एका प्रकारात सुईच्या मुठीवरचे परावर्तक गोळे अवरक्त कॅमेरे पाहतात. मध्ये कुणाचा हात आला तर माग तुटतो. दुसऱ्यात टोकाजवळची बारीक कॉइल चुंबकीय क्षेत्रात आपली जागा कळवते. तिला आडोशाची अडचण नाही, पण जवळच्या धातूमुळे क्षेत्र बिघडते. सोनोग्राफीत धड न दिसणारी गाठ आधीच्या सीटी किंवा एमआरआयचे चित्र थेट सोनोग्राफीवर जुळवून शोधता येते.

मार्ग आधी पडद्यावर आखतात. फासळ्यांमधून जायचे असेल तर रेषा खालच्या फासळीच्या वरच्या काठालगत ठेवतात, कारण रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू प्रत्येक फासळीच्या खालच्या काठाने जातात. पित्ताशय, आतडे, फुप्फुसाची कड यांनाही वळसा घालावा लागतो. मोठ्या गाठीत अनेक सुया ठरावीक अंतरावर घालतात. ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथे ही पद्धत विशेष विकसित झाली.

सुई अचूक बसली तरी शेजारची मोठी रक्तवाहिनी उष्णता वाहून नेते आणि त्या बाजूच्या पेशी वाचू शकतात. म्हणूनच नेव्हिगेशनचा सर्वांत मोलाचा भाग सुई बसल्यानंतर येतो, असे म्हणावे लागेल. उपचारानंतरचा सीटी स्कॅन आधीच्या स्कॅनवर बसवून कड सगळीकडून पुरेशी आहे का, हे तपासतात. कुठे कमी दिसली तर रुग्ण भुलीत असतानाच त्या बाजूला आणखी एक सुई घालता येते.