विनोदी पत्रव्यवहार (कंपन्या व संस्थांशी)

विनोदी पत्रव्यवहार : एखाद्या कंपनीला, सरकारी कार्यालयाला किंवा संस्थेला गमतीच्या हेतूने पत्र लिहायचे, तिकडून अधिकृत उत्तर मिळवायचे आणि दोन्ही पत्रे शेजारीशेजारी ठेवून वाचकांपुढे आणायची, असा हा प्रकार आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिका आणि ब्रिटनमध्ये अशा पत्रांची पुस्तके निघू लागली आणि त्याला स्वतंत्र लेखनप्रकाराचे रूप आले. खरी तक्रार हसत-खेळत मांडणारी पत्रे, लहान मुलांनी मनापासून लिहिलेली पत्रे आणि संस्थांनी वकिली पत्रांना दिलेली मिश्किल उत्तरेही याच घरात मोडतात. उत्तर आल्याखेरीज हा प्रकार पुरा होत नाही. त्यामुळे त्याचा खरा सहलेखक असतो तो टेबलापलीकडचा माणूस, आणि त्याचे नाव बहुतेक वेळा कोणाला ठाऊकही नसते.

हा विनोद उभा राहतो तो कार्यालयीन रिवाजाच्या बळावर. आलेले पत्र आवक नोंदवहीत चढते, त्याला क्रमांक पडतो, मग ते कोणाच्या तरी टेबलावर जाते आणि त्या व्यक्तीला ते निकाली काढावेच लागते. मजकूर वेडगळ वाटला तरी तसे लिहून कळवता येत नाही, कारण लिहिणारा खरोखरच गिऱ्हाईक असण्याची शक्यता उरते. मग ठरावीक मसुदा बाहेर निघतो : आपल्या पत्राबद्दल आभार, आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे, कळावे. पत्रातला वेडेपणा आणि उत्तरातली सभ्यता यांच्यात जितके अंतर, तितके हसू अधिक. कसलेला पत्रलेखक म्हणूनच स्वतः कधी हसत नाही. तो विषय लिहितो, संदर्भ देतो, मागील पत्राची तारीख टाकतो, आणि उत्तर आले की त्या उत्तरातला एखादा शब्द धरून पुन्हा लिहितो. कित्येकदा पहिल्यापेक्षा तिसरे पत्र सरस ठरते. तोवर समोरचा कारकून पत्रलेखकाला नावाने ओळखू लागलेला असतो.

कंपनीवरचा राग विनोदात उतरवण्याची खोड जुनी आहे. मार्क ट्वेन याने हार्टफर्डच्या गॅस कंपनीला १८९१ मध्ये लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. पूर्वसूचना न देता गॅस बंद करण्याच्या कंपनीच्या सवयीवर त्याने त्यात शिव्यांसकट तोंडसुख घेतले. अमेरिकन विनोदी नट ग्राउचो मार्क्सचा वॉर्नर ब्रदर्स या चित्रपट कंपनीशी झालेला पत्रव्यवहार मात्र ट्वेनच्या पत्राहून कितीतरी समृद्ध आहे. मार्क्स बंधूंच्या १९४६ मधल्या ‘अ नाइट इन कॅसाब्लांका’ या चित्रपटाच्या नावावरून वॉर्नर कंपनीने विचारणा केली, कारण तिचा ‘कॅसाब्लांका’ १९४२ मध्ये येऊन गाजला होता. ग्राउचोने उलट विचारले की, वॉर्नर हे नाव तुमचे असेल, पण ‘ब्रदर्स’ या शब्दावरही तुमचीच मालकी आहे का? आम्ही तर तुमच्या आधीपासून धंद्यात भाऊ आहोत. कंपनीच्या कायदा विभागाने चित्रपटाचे कथानक मागवले, तेव्हा त्याने एक अशक्य कथानक पाठवले. आणखी तपशील मागवल्यावर दुसरे, तितकेच अशक्य कथानक गेले. त्यानंतर विभाग गप्प झाला. मुळातला वाद फार मोठा नव्हता आणि मार्क्स बंधूंनी प्रसिद्धीसाठी तो फुगवला, असे अभ्यासकांचे मत आहे. ते मान्य केले तरी कायदा विभागाकडे कथानक तपासण्याची ठरलेली रीत होती आणि ग्राउचोने तिलाच खाद्य पुरवले, ही या पत्रांची कारागिरी वादातीत आहे.

अमेरिकेत टोपणनावाने पत्रे लिहून त्यांचे पुस्तक करण्याचा पायंडा डॉन नोव्हेलो या अमेरिकन विनोदी लेखक-नटाने पाडला. व्हॅटिकनमधल्या मायकेलअँजेलोच्या ‘पिएता’ या शिल्पावर १९७२ मध्ये हातोडा घालणाऱ्या माणसाचे लाझ्लो टोथ हे नाव त्याने उचलले आणि त्या नावाने एक भाबडा, देशभक्त, अतिउत्साही नागरिक उभा केला. हा नागरिक राष्ट्राध्यक्षांपासून साबण बनवणाऱ्या कंपन्यांपर्यंत सगळ्यांना लिहीत असे आणि पत्रासोबत कधी कधी डॉलरची नोटही जोडत असे. आंघोळीच्या पाण्यात फेस करणाऱ्या पुडीच्या खोक्यावर ‘कोरडे ठेवा’ अशी सूचना होती. कोरडे ठेवायचे तर वापरायचे कसे, असे त्याने कंपनीला विचारले आणि कंपनीने त्याचे रीतसर निरसन केले. ‘द लाझ्लो लेटर्स’ हे पुस्तक १९७७ मध्ये निघाले. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना पद सोडायला लावणाऱ्या वॉटरगेट प्रकरणाच्या आगेमागे, सरकारी शब्दावरचा अमेरिकन माणसाचा विश्वास उडालेला असताना ही पत्रे लिहिली गेली, हे लक्षात घेतले की त्यांतल्या भाबडेपणाची धार कळते.

ब्रिटनमध्ये विल्यम डोनाल्डसनने हेन्री रूट नावाचा निवृत्त मासळी-व्यापारी निर्माण केला. १९८० मधले ‘द हेन्री रूट लेटर्स’ हे पुस्तक तिथे तुफान खपले. रूट कट्टर, उद्धट आणि पैशाने सगळे जमते असे मानणारा. पत्रासोबत बहुधा एक पौंडाची नोट. एक अपराधी सुटण्यापेक्षा दहा निरपराध्यांना शिक्षा झालेली बरी, असे मत त्याने लंडनच्या पोलीस आयुक्तांना कळवले. न्यायाचे तत्त्वच त्याने उलटे केले होते, तरी तिकडून सभ्य उत्तर आले. अशा उत्तरांतून एक गोष्ट उघडी पडते : मोठ्या पदावरच्या लोकांच्या कार्यालयांत पत्र वाचले जाण्याआधीच त्याचे उत्तर तयार असते. माझ्या मते या संपूर्ण परंपरेत सामाजिक टीका म्हणून रूटची पत्रे सर्वांत वजनदार आहेत. पुढच्या पिढीत टीका मागे पडली आणि निव्वळ वेडेपणा पुढे आला. बॅरी मार्डर या विनोदकाराने टेड एल. नॅन्सी या नावाने १९९७ मध्ये ‘लेटर्स फ्रॉम अ नट’ काढले. प्रसिद्ध विनोदी नट जेरी साइनफेल्डची प्रस्तावना असल्यामुळे खरा लेखक तोच, असा अनेकांचा समज बरीच वर्षे होता. भल्यामोठ्या कोळंबीचा वेष घालून जुगार खेळायला येऊ का, अशी परवानगी या नॅन्सीने एका कॅसिनोकडे मागितली होती. ब्रिटनमध्ये रॉबर्ट पॉपरने २००४ मध्ये रॉबिन कूपर या नावाने असेच पुस्तक काढले.

संस्थेने स्वतःहून खेळात उतरायचे ठरवले की प्रकार बदलतो, आणि बहुधा तो बहरतो. लंडनमध्ये बेकर स्ट्रीटवर अॅबी रोड बिल्डिंग सोसायटीची इमारत १९३२ मध्ये उभी राहिली. शेरलॉक होम्सचा २२१ बी हा पत्ता तिच्या हद्दीत येत असल्याने त्याच्या नावाची पत्रे तिथे येऊ लागली. गृहकर्ज देणाऱ्या या संस्थेने ती परत पाठवली नाहीत. होम्सचा चिटणीस म्हणून एक कर्मचारी नेमला, आणि होम्स आता ससेक्समध्ये मधमाश्या पाळतात अशा आशयाची उत्तरे कित्येक दशके जात राहिली. अमेरिकेत १९७४ मध्ये याच्या अगदी उलट घडले. क्लीव्हलंड ब्राउन्स या फुटबॉल संघाच्या सामन्यांत प्रेक्षक कागदी विमाने उडवतात, डोळ्याला इजा झाली तर जबाबदारी तुमची, असे एका वकील प्रेक्षकाने संघाला कळवले. संघाच्या कायदा सल्लागाराने ते पत्र जोडून उत्तर धाडले : कोणीतरी गाढव तुमच्या नावाने मूर्ख पत्रे लिहीत आहे, हे तुमच्या कानावर घालणे आम्हाला योग्य वाटते. (मूळ शिवी गाढवाहून जहाल आहे.) ब्रिटिश वकिलांमध्ये ‘अर्केल विरुद्ध प्रेसड्रॅम’ हे नाव तर परवलीचे झाले आहे. १९७१ मध्ये ‘प्रायव्हेट आय’ या नियतकालिकाला (प्रेसड्रॅम ही त्याची प्रकाशक कंपनी) अर्केल नावाच्या माणसाच्या वतीने बदनामीची नोटीस आली. आमच्या अशिलाची नुकसानभरपाईबाबतची भूमिका तुमच्या उत्तराच्या स्वरूपावर ठरेल, असे त्यात म्हटले होते. आमच्या उत्तराचे स्वरूप पुढीलप्रमाणे असल्यास अशिलाची भूमिका काय राहील, असे नियतकालिकाने विचारले आणि खाली दोन शब्दांची शिवी लिहिली.

मुलांच्या पत्रांत लबाडी नसते, म्हणून त्यांना उत्तर देताना संस्थांची कसोटी लागते. ब्रिटनच्या सेन्सबरीज या दुकानसाखळीला २०११ मध्ये साडेतीन वर्षांच्या मुलीने विचारले, टायगर ब्रेडला टायगर ब्रेड का म्हणतात, जिराफ ब्रेड का नाही? उत्तर देणाऱ्या कर्मचाऱ्याने पावाच्या कवचावरचे ठिपके जिराफासारखेच दिसतात हे कबूल केले आणि सहीखाली आपले वय २७ पूर्णांक एक तृतीयांश असे लिहिले. लोकांनी ही मागणी उचलून धरली, आणि जानेवारी २०१२ मध्ये कंपनीने पावाचे नाव खरोखरच बदलले. ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेकडे २०१४ मध्ये सात वर्षांच्या मुलीने ड्रॅगन मागितला. इतक्या वर्षांत एकही ड्रॅगन तयार करता आला नाही याबद्दल संस्थेने जाहीर माफी मागितली आणि मग त्रिमितीय मुद्रण यंत्रावर टायटॅनियमचा ड्रॅगन घडवला. न्यूझीलंडच्या पंतप्रधान जॅसिंडा आर्डर्न यांना २०१९ मध्ये एका मुलीने ड्रॅगनवर संशोधन करावे म्हणून पाच डॉलर पाठवले. आर्डर्न यांनी लाच परत केली, पण ड्रॅगनवर लक्ष ठेवण्याचे आश्वासन ताज्या कलमात दिले. अशा उत्तरांना जाहिरातीची हुशारी म्हणून हिणवणारे आहेत. प्रसिद्धी मिळते हे खरे, तरी साडेतीन वर्षांच्या मुलीचा तर्क बरोबर आहे हे मान्य करायला कोणीतरी मन लावून ते पत्र वाचलेले असावे लागते.

सरकारला प्रश्न विचारण्याचा हक्क कायद्याने किंवा सरकारी याचिकांच्या सोयीने मिळाला, तेव्हा गमतीलाही नवी वाट फुटली. ‘स्टार वॉर्स’ या चित्रपटातला डेथ स्टार, म्हणजे ग्रह उडवून देणारा अवाढव्य अंतराळ तळ बांधा, अशी याचिका २०१२ मध्ये अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाकडे आली आणि उत्तरासाठी लागणाऱ्या २५,००० सह्या तिने ओलांडल्या. जानेवारी २०१३ मध्ये अधिकृत उत्तर आले : खर्च ८५ वर १६ शून्ये इतक्या डॉलरचा आहे आणि ग्रह उडवून देणे हे प्रशासनाचे धोरण नाही. त्याच महिन्यात सह्यांची अट एक लाखावर नेण्यात आली. न्यूझीलंडमध्ये पंतप्रधान जॉन की हे सरपटणारे परग्रहवासी नाहीत याचा पुरावा २०१४ मध्ये माहिती कायद्याखाली मागितला गेला. आपण डॉक्टरकडेच नव्हे तर पशुवैद्याकडेही जाऊन आलो, असे त्यांनी पत्रकारांना सांगितले. भारतात माहितीचा अधिकार २००५ च्या कायद्याने आला. महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा त्याआधीच झाला होता. दहा रुपये शुल्क आणि ३० दिवसांची मुदत यांमुळे उत्तर मागणे सोपे झाले. महाराष्ट्राच्या नियमांनुसार मात्र अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत बसवावा लागतो. इथे गंमत करणाऱ्यांनी हात आखडता घ्यावा असे मला ठामपणे वाटते. हा कायदा रेशन, पेन्शन, रस्ते आणि जमिनीच्या नोंदी यांसाठी झगडणाऱ्यांच्या हातातले हत्यार आहे, आणि फालतू अर्जांचे निमित्त करून तो आवळण्याची भाषा अधूनमधून होतच असते.

खरी तक्रार विनोदाने मांडली की ती फार दूर जाते. डिसेंबर २००८ मध्ये मुंबईहून लंडनला गेलेल्या व्हर्जिन अटलांटिकच्या एका प्रवाशाने विमानातल्या जेवणाचे पदार्थागणिक वर्णन करून, सोबत छायाचित्रे जोडून कंपनीचे संस्थापक रिचर्ड ब्रॅन्सन यांना पत्र लिहिले. ब्रॅन्सन यांनी त्याला स्वतः फोन केला. भारतात सर्वाधिक सांगितले जाणारे पत्र १९०९ चे आहे. बंगालमधल्या अहमदपूर स्थानकावर फणस खाऊन पोट फुगलेला ओखिलचंद्र सेन हा प्रवासी शौचाला उतरला, गार्डने शिटी दिली, आणि एका हातात लोटा व दुसऱ्या हातात धोतर धरून धावताना तो सर्वांदेखत पडला. साहिबगंजच्या विभागीय कार्यालयाला त्याने मोडक्यातोडक्या इंग्रजीत तक्रार केली. हे पत्र दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात मांडले आहे, आणि त्यामुळेच खालच्या वर्गाच्या डब्यांत शौचालये आली असे सांगतात. पत्राच्या व्याकरणावर हसणे सोपे आहे. पण त्यात अपमान आहे, साक्षीदार आहेत, गार्डला दंड करण्याची मागणी आहे आणि वर्तमानपत्रात जाण्याचा इशाराही आहे. तक्रार अर्जात जे लागते ते सगळे सेनबाबूंनी घातले आहे.

या प्रांतात बनावट मालही बराच फिरतो. बार्बी बाहुलीचे डोके आदिमानवाची कवटी म्हणून पाठवणाऱ्याला अमेरिकेतल्या स्मिथसोनियन या संग्रहालये चालवणाऱ्या संस्थेने दिलेले उत्तर अजून खरे म्हणून वाचले जाते. ते १९९४ मध्ये रचलेले आहे आणि संस्थेने कोणालाही पाठवलेले नाही.

उत्तरे छापण्याचा हक्क कोणाचा, हा प्रश्न अशा पुस्तकांना हमखास अडवतो. पत्राचा कागद ज्याला मिळाला त्याचा असतो, मजकुराचा हक्क मात्र लिहिणाऱ्याकडे राहतो. आणि नोकरीचा भाग म्हणून लिहिलेला मजकूर भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, वेगळा करार नसल्यास, मालकाच्या नावावर जातो. म्हणजे कंपनीच्या कर्मचाऱ्याने रंगवून लिहिलेले उत्तर छापायचे तर परवानगी कंपनीकडून घ्यावी लागते. अशा वेळी कर्मचाऱ्यालाही विचारावे आणि त्याची इच्छा नसेल तर त्याचे नाव गाळावे. त्याने उत्तर एका गिऱ्हाइकाला दिलेले असते, वाचकांना नव्हे.