इलिनॉयमध्ये कपड्यांआड पिस्तूल बाळगण्याचा परवाना : पात्रता, कागदपत्रे आणि कायद्यामागचे मतदान

शिकागो, नेपरव्हिल किंवा शॉमबर्ग भागात राहणाऱ्या मराठी माणसाने या अर्जाला हात घालण्यापूर्वी आपला व्हिसा पाहावा. एच-१बी किंवा एफ-१ यांसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना, शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले, तर अमेरिकेच्या संघीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगण्यासच मनाई आहे. त्यामुळे हौसेपोटी मित्राच्या पिस्तुलाने नेमबाजीच्या मैदानावर चार गोळ्या झाडून पाहणेही अंगाशी येऊ शकते. ग्रीन कार्डधारक आणि नागरिक मात्र अर्ज करू शकतात.

अर्जातील अटी जाचक वाटतात, पण त्यांतील बऱ्याचशा विधिमंडळात घासाघीस होऊन आल्या आहेत, आणि ती पार्श्वभूमी कळली की त्या समजणे सोपे जाते. लपवलेले पिस्तूल घेऊन सार्वजनिक ठिकाणी वावरण्याची मुभा देणारे इलिनॉय हे देशातील शेवटचे राज्य होय. डिसेंबर २०१२ मध्ये संघीय अपील न्यायालयाने राज्यातील सरसकट बंदी घटनाबाह्य ठरवली आणि नवा कायदा करण्यासाठी १८० दिवसांची मुदत दिली. पुढे ती ९ जुलै २०१३ पर्यंत वाढली. शिकागोसारख्या शहरांचा स्वतंत्र नियम करण्याचा अधिकार काढून घ्यायचा, तर प्रतिनिधिगृहातील ११८ पैकी ७१ मते हवी होती. म्हणजे बंदुकीची मुभा हवी असलेल्या, राज्याच्या दक्षिणेकडील ग्रामीण भागातील आमदारांना शिकागोच्या आमदारांशी जुळवून घेण्यावाचून गत्यंतर नव्हते. दीर्घ प्रशिक्षण, बस आणि रेल्वेतील बंदी, पोलिसांचा हरकतीचा अधिकार अशा अटींसह विधेयक ३१ मे रोजी प्रतिनिधिगृहात ८९ विरुद्ध २८ आणि सिनेटमध्ये ४५ विरुद्ध १२ मतांनी संमत झाले. गव्हर्नर पॅट क्विन यांनी ते दुरुस्त्या सुचवून परत पाठवले. एका वेळी एकच पिस्तूल, दहाच गोळ्यांचे मॅगझिन आणि मद्य मिळणाऱ्या प्रत्येक ठिकाणी बंदी, अशा त्या दुरुस्त्या होत्या. मुदतीच्या शेवटच्या दिवशी दोन्ही सभागृहांनी त्या ७७ विरुद्ध ३१ आणि ४१ विरुद्ध १७ मतांनी फेटाळल्या. मद्यालयांविषयीची दुरुस्ती स्वीकारायला हवी होती, असे मला मनापासून वाटते.

अर्जदाराचे वय किमान २१ वर्षे असावे आणि त्याच्याकडे बंदूकमालकाचे राज्य ओळखपत्र, म्हणजे ‘फॉइड’ कार्ड, असावे. गेल्या पाच वर्षांत बळाचा वापर किंवा धमकी असलेल्या गुन्ह्यात शिक्षा झालेली नसावी, नशेत गाडी चालवल्याचे दोन किंवा अधिक गुन्हे नोंदलेले नसावेत, आणि व्यसनमुक्तीसाठी निवासी किंवा न्यायालयाच्या आदेशाने उपचार घेतलेले नसावेत. अटकेचे वॉरंट प्रलंबित असल्यास अर्ज मंजूर होत नाही.

अर्ज राज्य पोलिसांच्या संकेतस्थळावर करायचा असतो. त्यासोबत वाहनचालक परवाना किंवा राज्याचे ओळखपत्र, फॉइड कार्डाचा तपशील, गेल्या ३० दिवसांत काढलेले रंगीत छायाचित्र, मागील दहा वर्षांतील राहण्याचे सर्व पत्ते आणि प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागते. वारंवार घर बदललेल्या कुटुंबांनी जुने भाडेकरार आधीच काढून ठेवावेत. मधले नाव, वडिलांचे असो वा पतीचे, सर्व कागदांवर एकाच स्पेलिंगमध्ये आहे ना, हेही तपासावे. राज्यातील रहिवाशांसाठी १५० डॉलर शुल्क असून परवाना पाच वर्षे चालतो. बोटांचे ठसे देणे ऐच्छिक आहे, पण ते दिल्यास निर्णयाची मुदत ९० दिवसांची राहते. न दिल्यास पोलिसांना आणखी ३० दिवस मिळतात.

प्रशिक्षण १६ तासांचे असते. त्याच्या शेवटी पाच, सात आणि दहा यार्डांवरून प्रत्येकी दहा गोळ्या मानवाकृती लक्ष्यावर झाडाव्या लागतात, आणि तीसपैकी किमान एकवीस अचूक बसल्या तरच प्रमाणपत्र मिळते. हा भाग उरकण्यासारखा नाही. दहा यार्ड म्हणजे जेमतेम तीस फूट, तरीही तेवढ्या अंतरावरून नवख्याचा नेम चुकतो, हे ज्याने त्याने स्वतः पाहिलेले बरे.

स्थानिक पोलिसांना अर्जदार धोकादायक वाटल्यास ते हरकत नोंदवू शकतात, आणि त्या हरकतीवर सात सदस्यांचे मंडळ निर्णय देते.

परवाना हाती आला तरी शाळा, बालसंगोपन केंद्रे, न्यायालये, रुग्णालये, ग्रंथालये, सार्वजनिक उद्याने आणि सार्वजनिक वाहतूक येथे पिस्तूल नेता येत नाही. ज्या ठिकाणच्या विक्रीत निम्म्याहून अधिक वाटा मद्याचा असतो, तेथेही ही बंदी लागू आहे. खासगी मालकही आपल्या जागेत मनाई करू शकतो. त्यासाठी दारावर चार बाय सहा इंचांची पाटी लावतात : पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळे पिस्तूल आणि त्यावर तिरक्या रेघेचे लाल वर्तुळ. मुलांना घेऊन रुग्णालयात किंवा ग्रंथालयात जायचे असेल, तर पिस्तूल कुलूपबंद गाडीत, नजरेस पडणार नाही अशा बंद पेटीत ठेवावे, आणि मगच गाडीतून उतरावे.