किती जगला, आणि कसा जगला

मार्च १९८७मध्ये एझेडटी या एचआयव्हीविरोधी पहिल्या औषधाला अमेरिकेत मंजुरी मिळाली. तोवर सगळा हिशेब रुग्ण किती महिने तगला याचाच असायचा. फार तर कॅन्सरच्या उपचारांतून उसनी आणलेली कार्नोफ्स्की मोजपट्टी लावत: शंभर म्हणजे ठणठणीत, शून्य म्हणजे मृत्यू. गुण डॉक्टर देणार; ज्याचं दुखतंय त्याला कोण विचारतो!

औषधाबरोबर मळमळ, थकवा, रक्तक्षयही आले. लक्षणं नसलेल्यांना एझेडटी देऊन पाहिलेल्या एका मोठ्या चाचणीची आकडेमोड १९९४ साली जगण्याच्या दर्जाच्या अंगाने पुन्हा झाली. आजार लांबल्याने जगण्याचा दर्जा जेवढा वाढला, जवळपास तेवढाच तो गंभीर दुष्परिणामांनी खाल्ला होता.

दरम्यान १९९१मध्ये अल्बर्ट वू आणि सहकाऱ्यांची एमओएस-एचआयव्ही ही प्रश्नावली आली होती. आधी ३०, पुढे ३५ प्रश्न, आणि उत्तरं खुद्द रुग्णाची. जिना चढता येतो का? अंघोळ, कपडे स्वतःचे स्वतः जमतात का? त्या काळाला साजेसेच प्रश्न.

पुढे १९९६च्या सुमारास एकत्रित औषधोपचार आले आणि अंथरुणाला खिळलेली माणसं कामावर परतली. जिना धडाधड चढणाऱ्याला या प्रश्नावलीत पैकीच्या पैकी. पण स्टॅव्ह्युडिनसारख्या औषधाने त्याचे गाल खपाटीला गेलेले, चेहराच चुगली करतोय, गोळ्यांच्या डबीवरचं लेबल त्याने खरवडून टाकलंय. यातलं काहीच त्या ३५ प्रश्नांत मावत नव्हतं.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस रुग्णांशीच बोलून हॅट-क्वोल ही नवी प्रश्नावली तयार झाली. आजार उघड होण्याची धास्ती, पैशांची चिंता, लैंगिक आयुष्य, डॉक्टरवरचा विश्वास, सगळं तिच्यात आलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या एचआयव्ही प्रश्नावलीची संक्षिप्त आवृत्ती ३१ प्रश्नांची. त्यातला एक असा: तुम्हाला एचआयव्ही आहे म्हणून लोक तुम्हाला दोष देतात, त्याचा किती त्रास होतो? मला हा प्रश्न सर्वांत धीट वाटतो, कारण यात आजार लोकांच्या तोंडी आहे, रक्तात नव्हे.

निदान, उपचार आणि विषाणूवर ताबा या प्रत्येक टप्प्यावर नव्वद टक्के गाठायची ‘९०-९०-९०’ उद्दिष्टं २०१४मध्ये ठरली. त्यांना चौथं नव्वद जोडा, अशी सूचना काही संशोधकांनी २०१६मध्ये केली: विषाणू आटोक्यात असलेल्यांपैकी नव्वद टक्के लोकांच्या जगण्याचा दर्जा चांगला हवा. व्हायरल लोडचा, म्हणजे रक्तातल्या विषाणूच्या प्रमाणाचा आकडा प्रयोगशाळा देते. इथे मात्र ‘चांगला’ म्हणजे किती गुण, आणि कोणत्या प्रश्नावलीचे, यावरच घोडं अडतं.